चिंचमळ्याच्या नोंदवहीतले रिकामे चौकोन

आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी मला फसवलं. मी सोनवणे बाईंना फसवलं. सोनवणे बाईंना कुणालाच फसवायचं नव्हतं, आणि शिक्षा झाली ती त्यांना एकट्यांना.

तालुका कोणता ते सांगणार नाही. बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडं माझी नोकरी झाली. बारामतीकर म्हणतील हे इंदापुरात घडलं असणार, इंदापूरकर म्हणतील हे काम बारामतीचंच. म्हणू देत. वस्तीचं नाव आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

मी कन्हेरीचा. वडील दुसऱ्याच्या रानात वाट्यानं भाजी करायचे आणि बारामतीच्या बाजारात विकायचे. आठव्या वर्षापासून मी त्यांच्या तराजूशेजारी बसलो. त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. घेताना पहिला भाव कधी द्यायचा नाही आणि विकताना पहिला भाव कधी खरा सांगायचा नाही. बाकीचं सगळं मी माझं मी मिळवलं. वार लावून जेवलो, डी.एड. केलं, मास्तर झालो आणि नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुख झालो.

केंद्रप्रमुख म्हणजे काय, हे शिक्षण खात्याबाहेरच्या माणसाला समजत नाही; आतल्यांनाही फारसं समजलेलं नव्हतं, कारण पद नवं होतं. दहा-बारा शाळा त्याच्याकडं सोपवायच्या. त्यानं त्या फिरून बघायच्या, शेरेबुकात शेरा लिहायचा, महिन्याला शिक्षकांची बैठक घ्यायची आणि सगळ्यांचे कागद तालुक्याला पोचवायचे. बदली करायचा अधिकार नाही, रजा द्यायचा नाही, खडूचा डबा द्यायचाही नाही. शिक्षक म्हणायचे हा साहेबांचा हेर, साहेब म्हणायचे हा शिक्षकांचा वकील. अशा माणसाकडं दोनच हत्यारं राहतात, घासाघीस आणि आवाज. माझ्याकडं दोन्ही भरपूर होती.

एका शाळेत सरपंचाच्या भावानं तिसरीच्या वर्गात कांदा भरून ठेवला होता. दोनदा सांगितलं, हलला नाही. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेनंतर पोरांची रांग केली, प्रत्येकाच्या हातात दोन-दोन कांदे दिले आणि रांग त्याच्या ओट्यावर नेऊन सोडली. दुपारपर्यंत वर्ग मोकळा. तो मला मारायला आला होता; जाताना चहा पाजून गेला. दुसऱ्या वेळी वालचंदनगरच्या बाजूला एका क्लबातली टेबल टेनिसची जुनी टेबलं निकालात निघणार असं कळलं. मी तिथल्या साहेबाच्या दारात तीन सकाळी जाऊन बसलो. टेबलं मिळाली. पाय काढले, काळा रंग दिला, झाले फळे. मधली पांढरी रेघ मात्र कितीही रंग दिला तरी वर यायची. त्यातले दोन फळे माझ्या केंद्रातल्या चिंचमळा वस्तीच्या शाळेला दिले. तिथल्या सोनवणे बाईंनी ती रेघ कामाला लावली. एका फळ्यावर रेघेच्या डावीकडं पहिली, उजवीकडं दुसरी; दुसऱ्यावर तिसरी आणि चौथी. चार वर्ग, पन्नासच्या वर पोरं आणि शिक्षक एक. त्यातही मतदार याद्या, जनगणना, पोलिओचा डोस, कुटुंब नियोजनाच्या याद्या आल्या की त्या दिवशी शिक्षक शून्य.

त्याच सुमारास वरून किमान अध्ययन क्षमता आल्या. कल्पना वाईट नव्हती. मूल चौथीतून बाहेर पडताना त्याला नेमकं काय आलं पाहिजे, ते बारीक बारीक तुकडे करून लिहिलेलं होतं. जोडशब्द वाचता येतात, हातच्याची वजाबाकी येते, असं. प्रत्येक शिक्षकानं एक मोठी नोंदवही ठेवायची. डावीकडं मुलांची नावं, वर क्षमता, मध्ये चौकोन. मुलाला ती गोष्ट आली की चौकोनात बरोबरची खूण करायची आणि तारीख टाकायची. नाही आली तर चौकोन रिकामा. वर्षाअखेर त्याचा गोषवारा तालुक्याला. मास्तर शिकवतो की नाही, ते ह्यावरून ठरणार. पेपरात लेख आले, बैठकांत भाषणं झाली. शिक्षकांना जाब विचारला पाहिजे, असं सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होतो, आणि माझा आवाज त्यात मोठा होता, कारण जाब विचारण्यासारखे मास्तर माझ्याच केंद्रात होते.

त्यातले एक खताचं दुकान चालवायचे. दुकानाला वेळ मिळाला की शाळा. पण त्यांची नोंदवही बघावी. एकही चौकोन रिकामा नाही, सगळ्या खुणा एका उंचीच्या, एका शाईच्या, एका बैठकीतल्या. मी एका नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्याला हातच्याची वजाबाकी येते का.

"येत आसंल की."

"पोरगं कुठाय?"

"चार म्हैनं झालं, आईबापासंगं गेलंय कामाला."

"मग ही तारीख गेल्या आठवड्यातली कशी?"

जराही न शरमता गुरुजी म्हणाले, "तिकडं शिकलं आसंल."

मी त्यांच्यावर पानभर शेरा लिहिला. त्या शाळेचा गोषवारा तालुक्यात पहिला आला. माझा शेरा कुणी वाचला नाही.

सोनवणे बाईंची वही वेगळी होती. तिच्यात जागोजागी रिकामे चौकोन होते, आणि काही चौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'उच्चार येतो, अर्थ नाही', 'घरी धाकटं सांभाळते, वेळ द्यायला हवा'. बाईंच्या वडिलांनी छपन्न साली बौद्ध धर्म घेतला आणि त्यानंतर मोठ्या वयात अक्षरं गिरवली. त्याआधी एका कागदावर त्यांचा अंगठा घेऊन कुणीतरी त्यांची जमीन लिहून घेतली होती. म्हणून कागदावर नसलेलं लिहायचं नाही आणि असलेलं लपवायचं नाही, असा त्या घराचा नियम होता. बाईंनी तो मला अभिमानानं सांगितला नाही, अडचण म्हणून सांगितला. "मला खोटं लिहिताच येत नाही, गुरुजी. हात अडतो."

आता फसवणुकीकडं येतो. फेब्रुवारी लागला होता, शाळेचं वर्ष संपत आलं होतं. तालुक्याच्या बैठकीत विस्तार अधिकारी म्हणाले, ज्या एकशिक्षकी शाळेचा गोषवारा कमी असेल तिथं पुढच्या वर्षी आधी दुसरा शिक्षक देऊ. खरं लिहा, लपवू नका, खऱ्याला मदत मिळेल. मी उठून म्हणालो, साहेब, हे लेखी द्या.

साहेब हसून म्हणाले, "गुरुजी, भाजी बाजारात बसलाय का? माझा शब्द आहे."

सगळी बैठक हसली. मी रागानं लाल झालो आणि खाली बसलो. काट्याची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय वडिलांनी कधी वाटाण्याचं पोतं हलू दिलं नव्हतं. त्यांचा मुलगा चार लोक हसले म्हणून तोंडी शब्दावर घरी आला.

दुसऱ्या दिवशी मी चिंचमळ्याला गेलो. वस्तीवरचे भागुजी आबा, ज्यांच्या जागेत शाळा होती, पडवीत बसले होते. मी त्यांना बातमी सांगितली. ते म्हणाले, "दुसरा मास्तर आला तर पोरांचं सोनं हुईल. पर गुरुजी, ह्यो सायबाचा शबुद हाय का निवडणुकीतला?" मी म्हणालो, आबा, तुम्ही माझ्यावर सोडा.

मग मी बाईंसमोर वही उघडली. रिकामे चौकोन बरेच होते, पण मला ते पुरेसे वाटेनात. शेजारच्या केंद्रात दोन एकशिक्षकी शाळा होत्या. साहेबांनी शिक्षक आधी तिकडं दिला तर? बाजारात शंभर हवे असतील तर दीडशे सांगावे लागतात. तिसरीतली नऊ मुलं अशी होती की वाचायची, पण अडखळत. त्यांच्या वाचनाच्या चौकोनात बाई खूण करायच्या बेतात होत्या. मी म्हणालो, हे नऊ चौकोन रिकामे ठेवा.

"रंजनाला येतं, गुरुजी. अडखळते, पण वाचते."

"अडखळते ना? मग आलं असं म्हणायचं नाही."

"येतं ते येतं म्हणून लिहायचं."

"बाई, ह्यात खोटं काय आहे? तुम्ही काही भरत नाही, फक्त थांबता. दुसरा शिक्षक आला की जून महिन्यात करा खुणा."

खोटी खूण करायला त्यांचा हात अडला असता. खूण न करायला हात अडत नाही, हे मी बरोबर हेरलं होतं. असला माल कसा खपवायचा ते मला येत होतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "खाली पडताळणीची सही तुम्ही करणार?"

"मी करणार. कुणी विचारलं तर मी उत्तर देणार."

बाईंनी नऊ चौकोन रिकामे ठेवले. मी सही केली. चिंचमळ्याचा गोषवारा तालुक्यात सगळ्यात खाली गेला, आणि मी खूश झालो.

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं साहेब जीपमधून आले. मला वाटेत उचललं. मला वाटलं शिक्षक द्यायच्या आधी गरज बघायला निघाले आहेत. वस्तीवर मात्र वेगळीच कुणकुण पोचली होती: साहेब येणार, बाई शिकवतात का ते बघणार, पोरांना वाचता आलं नाही तर बाईंची खैर नाही. ही कुणकुण कुणी नेली ते मला आजही ठाऊक नाही. पोरं केसांना तेल लावून, गुंड्या लावून बसली होती.

साहेबांनी वही मागितली आणि रिकाम्या चौकोनांवरून बोट फिरवत एका नावावर थांबले. म्हणाले, रंजना कोण?

दोन वेण्यांची, काटक मुलगी उभी राहिली. साहेबांनी तिसरीच्या पुस्तकातलं मधलं पान काढून दिलं. तिनं वाचायला सुरुवात केली. अडखळली नाही. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. मधल्या दीड महिन्यात बाई सुट्टीत त्या नऊ जणांना पायरीवर बसवून रोज वाचून घेत होत्या. चौकोन रिकामा ठेवला हे त्यांच्या मनाला लागलं होतं, म्हणून. पान संपलं. रंजनानं स्वतःच पान उलटलं आणि पुढचंही वाचलं. आपल्या बाईंना वाचवायला निघालेलं ते पोर होतं. बाईंचा चेहरा उजळला. मी मात्र साहेबांच्या हातातल्या वहीकडं, तिच्या नावापुढच्या रिकाम्या चौकोनाकडं बघत होतो.

साहेबांनी पुस्तक काढून घेतलं. मग एका मुलाला उठवलं. त्याला खरोखरच येत नव्हतं. त्याला आलं नाही.

साहेब सावकाश म्हणाले, "बाई, हिला येतं, तर तुम्ही येत नाही लिहिलंय. ह्याला येत नाही, म्हणजे तुम्ही शिकवत नाही. एकतर तुम्हाला तुमची मुलं माहीत नाहीत, नाहीतर तुम्ही दिशाभूल करताय. दोन्हीतलं कोणतं लिहू?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. फक्त पाहिलं आणि थांबल्या.

ह्या जागी मी काय बोललो ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझ्याकडं पदाचा कार्यभार तात्पुरता होता. कायम करायचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर होता, आणि येताना जीपमध्ये त्यांनी तो विषय सहज काढला होता. कांद्याची रांग काढणारा, बैठकीत आवाज चढवणारा मी, पन्नास पोरांसमोर हळू आवाजात म्हणालो, "नोंदी बाईंनी दिल्या, साहेब. मी विश्वासानं सही केली."

बाईंनी मान खाली घातली. त्या माझ्याशी त्यानंतर बोलल्या नाहीत.

कारणे दाखवा नोटीस आली. बाईंचा खुलासा माझ्याच हातून वर जायचा होता, म्हणून मी वाचला. दोनच ओळी होत्या. 'नोंदी माझ्या हातच्या आहेत. जे चौकोन रिकामे आहेत ते भरायला मला आणखी एक माणूस हवा होता.' माझं नाव कुठंच नव्हतं. मी तो कागद दोनदा वाचला, पाकिटात घातला आणि वर पाठवला. एक चिठ्ठी सोबत जोडता आली असती. जोडली नाही.

बाईंची वेतनवाढ रोखली आणि बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात केली. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांना भावाकडं ठेवून बाई गेल्या. निघायच्या दिवशी पोरं आणि बायका सडकेपर्यंत गेल्या होत्या. मी त्या दिवशी दुसऱ्या शाळेची भेट लावून घेतली.

त्यांच्या जागी जे गुरुजी आले ते हुशार होते. महिनाभरात त्यांनी वहीतले सगळे चौकोन भरून टाकले. पुढच्या वर्षी चिंचमळ्याचा गोषवारा पहिल्या पाचात. मी दुसऱ्या शिक्षकाची मागणी घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी तोच कागद पुढं केला. इथं एका शिक्षकावर एवढं उत्तम चाललंय, दुसरा कशाला? मी टेबलावर मूठ आपटली. आवाज चढवला. साहेबांनी पाणी मागवलं, मला पाजलं आणि माझ्या कायम झाल्याच्या आदेशाची प्रत हातात ठेवली. मी ती घेतली.

शिक्षकाची गुणवत्ता मोजू नका असं मी म्हणणार नाही. तराजूवर वाढलेला माणूस आहे मी. मोजल्याशिवाय बाजार चालत नाही आणि खतवाल्या गुरुजींसारख्यांना कुणीतरी मोजायलाच हवं होतं. पण बाजारात काटा तपासायला वेगळा माणूस येतो. आमच्याकडं मास्तरानं स्वतःचा माल स्वतः तोलायचा, आणि वजन कमी भरलं असं प्रामाणिकपणे सांगितलं तर त्यालाच दंड. असल्या बाजारात दगड भरलेली पोती पहिल्या नंबरानं जातात. हे मला पहिल्याच वर्षी दिसत होतं. दिसत असूनही त्या काट्यावर मीच बोट ठेवलं, फक्त उलट्या बाजूनं.

साहेब यथावकाश निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, साहेब, चिंचमळ्याचा दुसरा शिक्षक राहिला.

ते हसले. "अजून भाव करताय, गुरुजी?"

मीही निवृत्त झालो. बारामतीच्या बाजाराची सवय सुटत नाही. काही घ्यायचं नसलं तरी चक्कर मारतो. असाच एकदा पेरूच्या टोपलीपाशी वाकलो होतो. टोपलीमागची बाई माझ्याकडं निरखून बघत होती.

"तुमी केंद्राचं गुरुजी न्हाय का? मी रंजना. चिंचमळ्याची."

मी ओळखलं नसतं. सासर कालव्याच्या बागायतीचं, पेरू आणि भाजी ती स्वतः विकत होती. तिनं माझी विचारपूस केली, बसायला पोतं दिलं. मग गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "गुरुजी, येक इचारू? बाई मी वाचलं म्हणून गेल्या व्हय?"

मी म्हणालो, असं कोण म्हणालं तुला.

"समदी वस्ती म्हणायची. आमची आई तर मरंस्तवर म्हणायची, पोरी, जरा अडखळली आस्तीस तर काय बिघडलं आस्तं."

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. नऊ चौकोन, माझी सही, माझं ते वाक्य. माझ्या आयुष्यात मी भाव न करता सांगितलेली ती पहिली गोष्ट असेल. ती पेरू लावता लावता ऐकत होती. मला वाटलं आता ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मग तवाच का न्हाय बोलला?"

मी म्हणालो, किलोभर पेरू दे. तिनं पेरू तोलले, पिशवीत घातले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी लेक दुसरीला हाय. चांगलं वाचती. पर मी तिला सांगून ठिवलंय, भाईरचं कुणी सायेब आलं की दमानं वाच. जरा अडखळ."

मी घरी आलो आणि त्या संध्याकाळी हे लिहायला बसलो.

सोनवणे बाई निवृत्त होऊन त्याच डोंगराकडच्या तालुक्यात राहिल्या असं कळलं. त्यांच्या दारात जायची हिंमत अजून झालेली नाही. हे ज्यात छापून येईल तो दिवाळी अंक आधी त्यांना पाठवीन, आणि त्यांनी दार उघडलं तर जाईन.

साहेब, तुम्ही हयात आहात आणि दिवाळी अंक वाचता, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हालाच विचारतो. तुम्ही शब्द दिला होता की नव्हता? बैठकीत बसलेले अजून पुष्कळजण आहेत, नाही म्हणू नका. दिला होता, तर शिक्षक का दिला नाही? आणि द्यायचा नव्हता, तर खरं लिहा असं कशाला सांगितलं? उत्तर मला पाठवू नका. मला तुमचा शब्द आता घ्यायचा नाही. बाजारात पेरूच्या टोपलीमागं रंजना बसते. तिच्यासमोर जाऊन उभे राहा आणि सांगा की तिनं त्या दिवशी नीट वाचलं, ह्यात तिची चूक नव्हती. म्हणजे तिच्या लेकीला तरी मोकळ्या गळ्यानं वाचता येईल.

तेव्हाच का बोलला नाही, असं तिनं मला विचारलं, त्याचं उत्तर मी वर नागडं करून लिहिलं आहे. साहेब, तुमचं कुठं आहे?